तहान लागेल तेवढंच पाणी

मॅरेथॉनमध्ये पाणी पिऊन माणूस मरू शकतो, असं म्हटलं की पहिल्यांदा लोक हसतात. उन्हाळ्यात उष्माघाताच्या बातम्या वाचणारे आपण. पाणी कमी पडलं तर जीव जातो एवढंच ऐकत आलोय. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे.

२००२ ची बोस्टन मॅरेथॉन घ्या. त्या शर्यतीत एका तरुण धावपटूचा मृत्यू झाला, आणि तो जास्त पाण्याने रक्त पातळ होऊन त्यातलं सोडियम (मिठातला घटक) घसरल्यामुळे. त्याच शर्यतीत संशोधकांनी ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं. त्यांतल्या १३ टक्के लोकांचं सोडियम लिटरमागे १३५ मिलिमोल किंवा त्याहून खाली, म्हणजे कमी होतं, तिघांचं तर १२० किंवा त्याहून कमी. धोक्याची सगळ्यात ठळक खूण कोणती निघाली, तर शर्यतीत वजन वाढणं. बेचाळीस किलोमीटर धावून वजन वाढतं! घामाने जेवढं गेलं त्याहून जास्त पोटात ओतलं, दुसरं काय?

हिशोब करून बघू. पन्नास किलोची एक बाई. तिच्या अंगात साधारण पंचवीस लिटर पाणी, सोडियम १४०, म्हणजे ठीक. सकाळची गार हवा, पाच तासांची शर्यत, वाटेत वीस ठिकाणी पाण्याची टेबलं. स्वयंसेवक प्रेमाने ग्लास पुढे करतात, तीही ‘नको’ म्हणत नाही. दर वेळी दोनशे मिलिलिटर, म्हणजे चार लिटर झाले. ती सावकाश धावते, त्यामुळे घाम बेताचा. समजा दोन लिटर पाणी अंगातच राहिलं, तर नुसत्या पातळपणाने सोडियम १३० च्या आसपास येतं. घामातून गेलेलं मीठ वेगळंच.

तुम्ही म्हणाल, जास्तीचं पाणी लघवीवाटे जाईल की! घरी बसलेल्याचं जातं. पण लांब पल्ल्याच्या श्रमात, मळमळीत, वेदनेत शरीर लघवी रोखणारं संप्रेरक सोडत राहतं. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या खाऊन धावणाऱ्यांना धोका आणखी वाढतो. मग ते पाणी पेशींत शिरतं. इतर अवयवांना फुगायला थोडी जागा असते. मेंदू कवटीत बंद. म्हणून आधी डोकेदुखी, ओकारी, मग बरळणं, मग फिट.

आणि एक उलटी गंमत बघा. पुढे पळणाऱ्यांना हे सहसा होत नाही, त्यांना प्यायला वेळच कुठे असतो? सापडतो तो मागून येणारा, चार तासांहून जास्त घेणारा, सांगितलेलं सगळं नेमाने पाळणारा. त्याला सांगितलं काय होतं? १९९६ साली अमेरिकेतल्या क्रीडावैद्यकाच्या मोठ्या संस्थेचा सल्ला होता: तासाला ६०० ते १२०० मिलिलिटर, सोसेल तेवढं प्या. दक्षिण आफ्रिकेत डॉक्टर-संशोधक टिम नोक्स यांनी तर कॉम्रेड्स या तिथल्या अतिलांब पल्ल्याच्या शर्यतीतल्या धावपटूंसह अशा रुग्णांवरचा निबंध १९८५ मध्येच छापला होता. तरी बाटलीवाल्यांच्या जाहिराती जास्त मोठ्या आवाजात बोलल्या, असं माझं मत. २०१५ च्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ-परिषदेने साधी गोष्ट सांगितली: तहान लागेल तेव्हा, तहान भागेल तेवढं प्या.

“मी नुसतं पाणी नाही, स्पोर्ट्स ड्रिंक घेतो” असं कुणीतरी म्हणणारच. बहुतेक स्पोर्ट्स ड्रिंकमध्ये लिटरमागे साधारण वीस मिलिमोल सोडियम असतं. रक्तात एकशे चाळीस. ते प्रमाणाबाहेर प्यायलात तरी रक्त पातळच होणार. ओआरएसमध्ये पंचाहत्तर असतं, ते बरं. पण तेही अमाप पिऊन चालत नाही.

आता आयोजकांसाठी. आपल्याकडे शर्यतीत कुणी कोसळलं की पहिली हाक “सलाइन लावा!” इथेच घात होतो. त्या संप्रेरकामुळे लघवी होत नसलेल्या माणसाला नेहमीचं सलाइन भराभर दिलं तर सोडियम आणखी घसरू शकतं. त्यामुळे आधी बघा: अंगठी बोटात रुतलीये का, हात सुजलेत का, शर्यतीआधीचं वजन बिबवर (छातीवरच्या क्रमांकाच्या कागदावर) लिहिलेलं असेल तर आत्ताचं किती? गुदाशयातलं तापमानही घ्या, कारण उष्माघातही बरळायला लावतो आणि त्याचा उपाय वेगळा, ताबडतोब थंड करण्याचा. वैद्यकीय तंबूत सोडियम मोजायचं छोटं यंत्र असेल तर उत्तमच. सोडियम कमी आणि माणूस भानावर नसेल, तर तीन टक्क्यांचं, म्हणजे नेहमीच्याहून बरंच खारट सलाइन शंभर मिलिलिटर शिरेतून द्यायचं. फरक पडला नाही तर दहा-दहा मिनिटांनी आणखी दोनदा. ही बाटली तंबूत आहे का, हे शर्यतीच्या आदल्या दिवशीच विचारा.