कॅमेरा नेमका किती थंड करायचा?

मंडळी, ताऱ्यांचे, तारकागुच्छांचे फोटो काढायला थंड होणारा कॅमेरा घेतला की पहिला प्रश्न ठरलेला: उणे किती ठेवू? कुणी सांगतो उणे २०, कुणी उणे १०. माझं उत्तर असं, की उन्हाळ्यातल्या रात्रीही तुमच्या गच्चीवर जे तापमान टिकेल, ते ठेवा.

उदाहरणाला झेडडब्ल्यूओचा एएसआय ५३३ एमसी प्रो घेऊ, आणि लॅपटॉपवर कॅमेरा चालवायला 'निना' हे मोफत सॉफ्टवेअर. या कॅमेऱ्याचा कूलर बाहेरच्या हवेपेक्षा जेमतेम ३५ अंश खाली जातो. एप्रिलमध्ये रात्री २८ अंश असतील तर उणे ७ हाती लागतील, पण कूलर १०० टक्क्यांवर धापा टाकत असेल. पहाटेपर्यंत तापमान वरखाली होत राहणार, आणि मग तुमचे डार्क फ्रेम (झाकण लावून त्याच तापमानाला काढलेले काळे फोटो, जे खऱ्या फोटोतून वजा करतात) जुळणार नाहीत. त्यापेक्षा उन्हाळ्यात सरळ शून्य ठेवा, हिवाळ्यात उणे १०. म्हणजे डार्कचे दोनच संच लागतात, आणि ते ढगाळ रात्री झाकण लावून घरातही काढता येतात. फक्त खोली इतकी गरम नको, की कूलरला ते तापमान गाठता येणार नाही.

'पण शून्यावर नॉइज, म्हणजे फोटोतले नको असलेले ठिपके, वाढेल ना?' वाढेल की! साधारण दर ६ अंशांना डार्क करंट, म्हणजे उष्णतेमुळे सेन्सरमध्ये आपोआप तयार होणारा खोटा सिग्नल, दुप्पट होतो. तरी आजच्या सेन्सरमध्ये तो मुळातच इतका कमी आहे, की पुण्या-मुंबईच्या उजळ आकाशापुढे त्याचा हिशेब करत बसू नये. एक मात्र बघा. नुसत्या यूएसबीवर फोटो येतात, गारवा येत नाही. कूलरला १२ व्होल्टची वेगळी वायर लागते.

आता गेन, म्हणजे सेन्सरचा सिग्नल किती वाढवायचा तो आकडा. या कॅमेऱ्यात १०० हा आकडा विशेष आहे. तिथे सेन्सरची आतली जोडणीच बदलते आणि रीड नॉइज (सेन्सर वाचताना मिसळणारा नॉइज) एकदम खाली येऊन दीड इलेक्ट्रॉनच्या आसपास बसतो. त्यामुळे 'थोडा कमी बरा' म्हणून ९० ठेवणं हा निव्वळ तोटा: ताऱ्यांचा रंग लवकर जळतो आणि नॉइजही जुनाच राहतो. तेजस्वी तारकागुच्छाला शून्य, बाकी बहुतेक सगळ्याला १००.

ऑफसेटला, म्हणजे काळा भाग शून्याखाली जाऊ नये म्हणून प्रत्येक पिक्सेलमध्ये मिळवलेल्या ठरावीक आकड्याला, लोक उगाच घाबरतात. झाकण लावा, सर्वांत छोटा एक्स्पोजर घ्या आणि निनाच्या आकडेवारीत किमान मूल्य बघा. ते शून्य असेल तर अंधारातली माहिती कापली जातेय, ऑफसेट वाढवा. शून्याच्या वर आलं की पुन्हा हात लावू नका.

यूएसबी लिमिट, म्हणजे कॅमेऱ्यातून लॅपटॉपवर फोटो येण्याच्या वेगाची मर्यादा? जुना लॅपटॉप फ्रेम गाळत असेल तर कमी करा, पाच मिनिटांच्या एक्स्पोजरला वेगाचं काय कौतुक! कोकणात किंवा पावसाळा सरताना कॅमेऱ्याच्या काचेवर दव धरू न देणारा ड्यू हीटर मात्र सुरू ठेवा.

गेन आणि ऑफसेट निनाच्या प्रोफाइलमध्येच (जतन केलेल्या सेटिंगमध्ये) लिहून ठेवा, म्हणजे दर रात्री आठवावं लागत नाही. आणि फाइलच्या नावाच्या साच्यात गेन, ऑफसेट, तापमान, एक्स्पोजर हे चारही घाला. सहा महिन्यांनी डार्क शोधायला बसाल, तेव्हा एकेक फाइल उघडून बघावी लागणार नाही.