डेकॉसला कोण धरणार? अँझॅक डेच्या आधीची भांडणं

नमस्कार मंडळी, कसे आहात सगळे? आज क्रिकेट नाही, आधीच सांगून टाकतो, उगाच आशा लावून बसू नका. आज फूटी, म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल. आणि त्यातही मॅचबद्दल कमी, मॅचच्या आधी आठवडाभर जी भांडणं चालतात ना त्यांच्याबद्दल जास्त, कारण मला खरं विचाराल तर मॅचपेक्षा तीच जास्त आवडतात.

25 एप्रिल, म्हणजे अँझॅक डे, इथला सैनिकांच्या स्मरणाचा दिवस, जवळ आला की मेलबर्नमध्ये सरळ दोन गट पडतात. 1995 पासून दर अँझॅक डेला एमसीजीवर कॉलिंगवूड विरुद्ध एसेंडन, कोरोनाचं 2020 सोडलं तर ठरलेलंच. आयडिया एसेंडनचा तेव्हाचा कोच केव्हिन शीडी याची. पहिल्याच वर्षी 94 हजारांवर लोक आले आणि मॅच सुटली 111–111 अशी बरोबरीत, म्हणजे कोणाचंच समाधान नाही आणि वादाला कायमचं खाद्य. 2023 ला 95,179 लोक होते, आणि ही फायनल नाही हो, साधी सीझनमधली मॅच. 2024 ला परत बरोबरी, 85–85. सीझनमध्ये एक्स्ट्रा टाइम नसतो, दोन-दोन पॉइंट घ्या आणि घरी जा.

तुमच्यातले बरेच जण एमसीजीला बॉक्सिंग डे टेस्टलाच गेले असतील, 2020 ला अजिंक्य रहाणेने 112 मारले ते हेच मैदान. पण तिथे फूटी बघायला गेलात की पहिली पंधरा मिनिटं काही म्हणजे काही कळत नाही, छत्तीस माणसं सगळीकडे पळतायत, कोण कुठल्या जागी खेळतोय पत्ता नाही. त्याचं कारण सोपं आहे, या खेळात ऑफसाइड नाही. कोणीही कुठेही उभा राहू शकतो. मैदान साधारण 160 मीटर लांब, एका टीमची अठरा माणसं, मधल्या दोन खांबांतून किक गेली की सहा पॉइंट, बाजूच्या फटीतून गेली की एक. बाकीचे नियम बघता बघता कळतात. आता ऑफसाइड नसल्यामुळे होतं काय की सगळी डोकेफोड एकाच गोष्टीची, माणसं उभी कुठे करायची. सगळी भांडणं इथूनच सुरू होतात.

आमच्या ऑफिसच्या लंचरूमचं सांगतो. एक कॉलिंगवूडवाला आहे, साठीला आलेला, आणि अकाउंट्समधली एक एसेंडनवाली, दोघांचं एरवी छान जमतं. पण एप्रिलमध्ये नाही. परवा त्या बाईने टेबलावर टोमॅटो सॉसच्या पुड्या मांडल्या, सहा इकडे, सहा मधे, सहा तिकडे, आणि म्हणाली, हे बघ, सेंटरला बॉल टाकताना तू असाच उभा राहणार, तुला दुसरा इलाज नाही. 2019 पासून तो नियमच आहे, सहा-सहा-सहा. म्हणजे गोल झाल्यावर किंवा क्वार्टर सुरू होताना मधे बॉल टाकतात तेव्हा प्रत्येक टीमचे सहा जण आपल्या बाजूच्या, गोलपासून 50 मीटरवर आखलेल्या कमानीत, सहा समोरच्या, आणि सहा मधे. त्याआधी लोक काय करायचे, चार पॉइंटनी पुढे असले की गुपचूप दोन माणसं मागे सरकवायची आणि भिंत उभी करायची. आता सेंटरच्या वेळेला ते जमत नाही, बॉल सुटल्यावर पळा काय पळायचं ते. तो म्हातारा तिची एक पुडी हळूच बोटाने मागे सरकवतो, ती परत पुढे आणते, तो परत सरकवतो. शेवटी एक पुडी फुटली, त्याच्या कॉलिंगवूडच्या स्कार्फवर सॉस, आणि विषय तात्पुरता थांबला.

पण हे सगळं झालं तोंडी लावायला. खरा वाद एकच, गेली काही वर्षं तोच आहे, निक डेकॉसला कोण धरणार.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, निक डेकॉस म्हणजे कॉलिंगवूडचा मिडफिल्डर, पीटर डेकॉसचा मुलगा, मोठा भाऊ जॉशही त्याच टीममध्ये. 2022 ला पहिल्याच सीझनमध्ये रायझिंग स्टार, म्हणजे सर्वोत्तम नवा खेळाडू, 2023 ला अँझॅक डेचं मेडल, म्हणजे त्या मॅचमधला सर्वोत्तम खेळाडू. तेव्हा शेवटचा क्वार्टर सुरू होताना एसेंडन पुढे होतं बरं का, आणि तरी हरलं. बापाचं घ्या, तो 1990 ची ग्रँड फायनल खेळला होता, कॉलिंगवूडने 48 पॉइंटनी जिंकलेली, आणि समोर कोण, तर एसेंडनच. त्यामुळे आमच्या अकाउंट्सवालीचं म्हणणं असं की आम्हाला बाप आवरला नाही, निदान पोराचा तरी काहीतरी बंदोबस्त करा.

आणि बंदोबस्त म्हणजे टॅग. एक माणूस द्यायचा, ज्याचं काम बॉल मिळवणं नाहीच, डेकॉसच्या हात धुवून मागे लागणं. तो पाणी प्यायला गेला तर हाही जाणार, बेंचवर बसला तर हाही बसणार. फ्रीमँटलचा रायन क्राउली या कामासाठी इतका प्रसिद्ध होता की समोरच्या टीमचे फॅन त्याचं नाव घेताना दात-ओठ खायचे. टॅगवाल्यांचा सगळ्यात मोठा पुरावा 2023 चा आहे. हॉथॉर्नने फिन मॅगिनेसला डेकॉसवर सोडला, आणि ज्या पोराला मॅचमध्ये तीस-पस्तीस वेळा बॉल लागतो त्याला अख्ख्या मॅचमध्ये पाच वेळा लागला. पाच! आणि हॉथॉर्न जिंकलं, तेव्हा कॉलिंगवूड टेबलमध्ये टॉपला होतं. हा पाचचा आकडा एसेंडनवाले दर एप्रिलला काढतात. त्यावर कॉलिंगवूडवाले म्हणतात, अहो, त्याच मॅचमध्ये त्याच्या गुडघ्याचं हाड फ्रॅक्चर झालं होतं, पुढचे कित्येक आठवडे बाहेर होता तो, थेट प्रिलिमिनरी फायनलला, म्हणजे सेमीफायनलला, परत आला, मग टॅग चालला म्हणताय की गुडघा? हा वाद कधी मिटणार नाही, कारण दोघांचंही बरोबर आहे.

आमच्या घरात पण हेच. मुलगा लहानपणी ऑसकिकला, म्हणजे लहान मुलांच्या फूटीला, जायचा, आता तेरा वर्षांचा, पक्का कॉलिंगवूड. मी जेवताना सहज म्हटलं की मी कोच असतो तर टॅग लावला असता, तर म्हणे, "बाबा, तुम्हाला काय वाटतं, टॅग फुकट मिळतो का?" आणि मग त्याने वरण-भात बाजूला ठेवून मला जे समजावलं ते खरंच मुद्द्याचं होतं. एक माणूस टॅगला दिला की तुमचा एक मिडफिल्डर कमी झाला, मग सतरा विरुद्ध सतरा. ठीक आहे, पण कॉलिंगवूड काय करणार, डेकॉसला नेऊन गोलपाशी उभं करणार. आता तुमचा टॅगर काय करेल? तोही तिथे गेला तर मधे तुमचं कोण उरलं, आणि नाही गेला तर सहा फुटी बॅकमनने त्या चपळ पोराला आवरायचं, मग झालंच कल्याण. वर आणखी त्याचे टीममेट्स मधे मधे येऊन टॅगरची वाट अडवणार, आणि टॅगरने शर्ट धरला की अम्पायरची शिट्टी, फ्री किक. आई म्हणाली, आधी जेव, ती एसेंडन आहे.

मला स्वतःला विचाराल तर दोन्ही बाजू चुकीचा आकडा मोजतायत. किती वेळा बॉल लागला हे लोक बोटांवर मोजतात, कुठे लागला हे कोणी बघत नाही. स्वतःच्या गोलपाशी, बाजूला, कोपऱ्यात त्याला दहा वेळा बॉल मिळू दे ना, तिथून तो फार तर एक किक मारेल वीस मीटरची. पण मधल्या पट्ट्यात, ज्याला इथे कॉरिडॉर म्हणतात, तिथे पळता पळता त्याला दोनदा जरी मिळाला तरी समोरची अख्खी डिफेन्स उघडी पडते, कारण तिथून डावीकडे, उजवीकडे, सरळ, तिन्ही रस्ते मोकळे. क्रेग मॅक्रे कोच झाल्यापासून कॉलिंगवूडचा खेळ हाच आहे, बॉल हिसकावला की लगेच मधून, वेळ न घालवता. 2010 ला मिक मॉल्टहाउसच्या वेळी हीच टीम बाउंडरीच्या कडेकडेने जायची, सेफ खेळायची, आणि तेव्हा पण फ्लॅग, म्हणजे प्रीमिअरशिप, जिंकलीच की. त्यामुळे जुने लोक म्हणतात कडेने जा, नवे म्हणतात मधून, आणि दोघांकडे एकेक प्रीमिअरशिप आहे दाखवायला.

कडेने जाण्याचं गणित मात्र आता बिघडलंय. 2026 पासून नवीन नियम आला, दोन कमानींच्या मधल्या भागात तुमची किक किंवा हँडबॉल कोणाला न लागता बाहेर गेली की समोरच्याला फ्री किक. आधी काय व्हायचं, अडचणीत सापडलात की बॉल लाइनच्या बाहेर ढकला, अम्पायर आत फेकेल, सगळे जमतील, श्वास घ्यायला वेळ. आता ती पळवाट बंद. आणि सेंटरला बॉल जमिनीवर आपटून उसळवायचे, ते पण 2026 पासून गेलं, अम्पायर सरळ हवेत टाकतो. म्हाताऱ्या फॅनमंडळींना याचं फार दुःख, उसळी वेडीवाकडी यायची त्यात मजा होती म्हणतात. असेल. मला तर वाटतं उंच रक, म्हणजे बॉल टाकल्यावर त्यासाठी उडी मारणारा गडी, असलेल्या टीमला सोयीचं झालं, आता उंची आणि उडी एवढंच बघायचं.

मग हवामान. एप्रिलच्या शेवटी इथे काय होईल सांगता येत नाही, आणि पाऊस पडला तर गुरुवारपर्यंत केलेली सगळी प्लॅनिंग पाण्यात. ओला बॉल साबणासारखा निसटतो, उंच फॉरवर्ड हवेत कॅच घेऊच शकत नाहीत, मग तीन उंच माणसं का घेतली म्हणून सिलेक्शनवाल्यांच्या नावाने शंख. 2009 ला अशाच पावसात एसेंडनच्या डेव्हिड झहारॅकिसने शेवटच्या काही सेकंदांत गोल मारून पाच पॉइंटनी मॅच काढली होती, आणि तो काही उंच-धिप्पाड गडी नाही. त्यामुळे दर वर्षी आकाशात एक ढग दिसला की एसेंडनवाले म्हणतात एक उंच कमी करा, एक बुटका वाढवा. उलट बाजूला 2022 आहे, एसेंडन पुढे, वेळ संपल्याचा भोंगा वाजला, आणि बॉल कॉलिंगवूडच्या जेमी एलिअटच्या हातात, बाउंडरीपाशी, कठीण कोनातून. भोंगा झाला तरी ज्याने मार्क, म्हणजे किकचा सरळ कॅच, घेतलाय त्याला किक मारू देतात. मारली, गोल, चार पॉइंटनी कॉलिंगवूड. ती अँझॅक डेची मॅच नव्हती, जुलैमधली होती, पण आमच्या अकाउंट्सवालीसमोर एलिअट हे नाव आजही काढायचं नाही. 2004 नंतर एसेंडनने फायनल्समधली एकही मॅच जिंकलेली नाही हे तर अजिबातच काढायचं नाही.

तर मी एसेंडनचा कोच असतो तर काय केलं असतं? पूर्णवेळ टॅग नाही. बॉल थांबतो, घोळका जमतो, तेवढ्याच वेळी एक माणूस डेकॉसच्या अंगाला अंग लावून उभा, आणि बॉल मोकळा झाला की ज्याच्या भागात तो येईल त्याने सांभाळायचा. आणि कॉरिडॉरमध्ये एक माणूस कायम राखून ठेवायचा, बॉल कितीही लांब असला तरी. मुलाला हे सांगितलं तर म्हणाला, बाबा, ही तर मॅक्रेचीच आयडिया झाली, आमच्याच टीमची. मी म्हटलं असेल, चांगली आयडिया कोणाचीही घ्यावी.

पहिल्यांदा जाणार असाल त्यांना एक सांगतो, खालची तिकिटं भारी दिसतात पण वरच्या मजल्यावर बसा, आणि पाच-पाच मिनिटं बॉलकडे बघूच नका. बॉल एका टोकाला असताना दुसऱ्या टोकाचे लोक काय करतायत ते बघा, कोण हात करून ओरडतोय, कोण दोन पावलं मागे सरकतोय. लंचरूममधल्या सगळ्या पुड्या तिथे जिवंत दिसतात. ट्रेनने जोलिमॉन्ट किंवा रिचमंडला उतरा, गाडी नेऊच नका. मॅचआधी अँझॅकचा कार्यक्रम असतो, लास्ट पोस्ट ही बिगुलाची धून वाजते, तेव्हा उभं राहायचं आणि फोन खिशात. गॅलिपोलीला भारतीय सैनिकही होते हे मुलांना तेव्हा नाही, ट्रेनमध्येच सांगून ठेवा.

माझा अंदाज, कॉलिंगवूड, तीन गोलच्या आत. बायको हे ऐकतेय, त्यामुळे रात्री घरी काय होईल ते होईल. तुमचा अंदाज मेसेज करा, कारणासकट, नुसतं टीमचं नाव नको. आणि मीट पाय (खिम्याची पॅटिससारखी) खायची असेल तर हाफटाइमची वाट बघू नका, दुसऱ्या क्वार्टरमध्येच उठा, नंतर रांग पार जिन्यापर्यंत जाते.