चुंबक चिकटला म्हणून स्टील हलकं नसतं

भांड्यांच्या बाजारात एक कसोटी वर्षानुवर्षं चालत आली आहे. डब्याला चुंबक लावायचा. चिकटला तर माल हलका, नाही चिकटला तर अस्सल. मित्रहो, धातुशास्त्र शिकलेल्या माणसाला ही कसोटी बघवत नाही, कारण तिच्यापायी चांगली भांडी नाकारली जातात.

स्टेनलेस स्टील गंजत नाही ते क्रोमियममुळे. लोखंडात किमान १०.५ टक्के क्रोमियम असलं, की पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर धरतो. ओरखडा पडला तरी हवेतल्या ऑक्सिजनमुळे तो पुन्हा भरून येतो. चुंबकाला या थराचा पत्ताच लागत नाही. त्याला कळते ती आतल्या अणूंची मांडणी.

एरवी लोखंडाचे अणू घनाच्या आठ कोपऱ्यांवर आणि एक मधोमध असे बसतात. हे फेराइट; याला चुंबक चिकटतो. लोखंड ९१२ अंश सेल्सिअसच्या वर तापलं की मधला अणू तिथे राहत नाही, घनाच्या सहाही बाजूंच्या मध्यावर अणू येतात. हे ऑस्टेनाइट, आणि याला चुंबक चिकटत नाही. साधं लोखंड निवलं की पुन्हा फेराइट होतं. पण १८ टक्के क्रोमियमबरोबर ८ टक्के निकेल घातलं, की थंड झाल्यावरही ऑस्टेनाइट टिकून राहतं. हेच आपलं ३०४ ग्रेडचं, म्हणजे ३०४ या क्रमांकाच्या जातीचं स्टील. मला यातलं सगळ्यात विलक्षण वाटतं ते हे, की लोखंडाला चुंबक चिकटतो, निकेललाही चिकटतो, आणि या मिश्रणाला मात्र नाही!

निकेल वगळलं की ४३० ग्रेड. त्यात १६ ते १८ टक्के क्रोमियम असतं, चुंबक घट्ट बसतो, आणि स्वयंपाकघरात ते उत्तम टिकतं. सुऱ्यांचं स्टील तर वेगळ्याच, मार्टेन्साइट नावाच्या मांडणीचं; तिलाही चुंबक चिकटतो. इंग्लंडमधल्या शेफील्डचे धातुशास्त्रज्ञ हॅरी ब्रेअर्ली यांनी १९१३ साली केलेलं, सुमारे १३ टक्के क्रोमियमचं स्टील याच जातीचं होतं. म्हणजे ज्या स्टीलने ब्रेअर्ली यांचं नाव झालं, ते या कसोटीत नापास!

आता ३०४ चं सिंक घ्या. सपाट भागावर चुंबक घसरतो, कोपऱ्यात मात्र किंचित ओढ लागते. ही भेसळ नव्हे. प्रेसखाली पत्रा ताणला जातो तिथे थोड्या ऑस्टेनाइटचं मार्टेन्साइट होतं. सुमारे १,०५० अंशांना तापवून झटकन थंड केलं तर ती ओढ जाते.

उलट २०१ बघा. त्यात महाग निकेलचा बराचसा वाटा काढून मँगनीज आणि नायट्रोजन घालतात. मांडणी ऑस्टेनाइटचीच राहते, त्यामुळे चुंबक चिकटत नाही आणि गिऱ्हाईक खूश होतं. पण गंजाला तोंड देण्यात ते ३०४ च्या मागे आहे. म्हणून दुकानात ग्रेड विचारा, भांड्यावर छापलेला आकडा बघा. चुंबक न्यायचाच असेल तर इंडक्शनच्या शेगडीसाठी भांडं घेताना न्या. तिथे तो बुडाला चिकटायलाच हवा, आणि म्हणूनच ३०४ च्या पातेल्याखाली बरेचदा ४३० चा पत्रा जोडलेला असतो.