वाळवण रस्त्यावर

(पडदा काळा. थंड हवेच्या यंत्राची घरघर. मग दिसतात फडताळं, आणि फडताळांत ओळीने मांडलेली चंदेरी पाकिटं.)

मनिलाच्या दक्षिणेला, माकिलिंग डोंगराच्या पायथ्याशी, लोस बान्योस नावाचं गाव आहे. इथल्या शीतगृहात भाताच्या बियाण्याचे १,३०,००० हून जास्त नमुने जपून ठेवले आहेत. भाताच्या बियाण्याचा एवढा मोठा साठा जगात दुसरीकडे कुठेही नाही.

आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था इथे उभी राहिली ती १९६० मध्ये. जमीन फिलिपाइन्सची, पैसा फोर्ड आणि रॉकफेलर प्रतिष्ठानांचा. इंडोनेशियाचा पेटा नावाचा उंच वाण आणि तैवानचा एक बुटका वाण यांचा संकर करून या संस्थेने १९६६ मध्ये आयआर-८ हे वाण दिलं. रोप बुटकं, दांडा ताठ. खत घातलं, लोंबी भरली, तरी भात लोळत नव्हता. लोकांनी त्याला चमत्कारी तांदूळ म्हटलं. दोनच वर्षांत फिलिपाइन्स तांदळात स्वयंपूर्ण झाला.

आज हाच देश जगातल्या सर्वांत मोठ्या तांदूळ आयातदारांपैकी एक आहे. २०२४ मध्ये त्याने ४७ लाख टनांहून जास्त तांदूळ बाहेरून आणला. त्यातला बहुतेक एकाच शेजाऱ्याकडून, व्हिएतनामकडून.

(जुनी कृष्णधवल छायाचित्रं. मेकाँगचा त्रिभुज प्रदेश, कालवे, होड्या.)

गोष्ट १९७० च्या दशकाच्या अखेरीची. व्हिएतनाममधलं युद्ध नुकतंच संपलं होतं. मेकाँगच्या खोऱ्यात तपकिरी तुडतुडे आले आणि उभा भात वाळत गेला. कान थो विद्यापीठात तेव्हा व्हो-तोंग स्वान नावाचे शेतीशास्त्रज्ञ शिकवत होते. काही वर्षांपूर्वीपर्यंत ते लोस बान्योसलाच होते. त्यांनी आपल्या जुन्या संस्थेकडे मदत मागितली आणि पाकिटातून मूठभर बी आलं. वाण होतं आयआर-३६, पंजाबात जन्मलेल्या गुरुदेव खुश यांनी तयार केलेलं.

मूठभर बियाण्याने खोरं कसं पिकवायचं? स्वान यांनी एका ठिकाणी एकच रोप लावून बी वाढवलं. मग विद्यापीठाचे वर्ग दोन महिने बंद ठेवायला लावले आणि विद्यार्थ्यांना गावोगाव पाठवलं. रोपवाटिका कशी करायची, एकेक रोप कसं लावायचं, हे शिकूनच ती मुलं निघाली होती. प्रत्येकाजवळ थोडंसं बी. पुढच्या काही हंगामांत हे वाण खोरंभर पसरलं.

मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. बी फिलिपाइन्समधून गेलं. पण ते बी शेतात उतरवण्यासाठी अख्खं विद्यापीठ चिखलात उतरलं होतं.

(मनिला. गर्दीचा बाजार. तांदळाच्या ढिगांत खोचलेल्या भावाच्या पाट्या.)

फिलिपिनो भाषेत तांदळाला तीन नावं आहेत. शेतातलं ते पालाय, गिरणीतून आलं की बिगास, शिजून ताटात पडलं की कानिन. भात, तांदूळ आणि पुन्हा भात म्हणणाऱ्या आपल्याला हे वेगळं सांगायला नको. ज्या भाषेत एका धान्याला अवस्थेप्रमाणे नावं असतात, तिथे ते धान्य महागलं की सरकारं डळमळतात.

नोव्हेंबर २०१९. जगातला सर्वोत्तम तांदूळ निवडण्याची स्पर्धा त्या वर्षी मनिलात भरली होती. पहिला आला व्हिएतनामचा एसटी-२५. हो क्वांग कुआ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सॉक चांग प्रांतात वर्षानुवर्षं खपून तयार केलेला हा सुवासिक तांदूळ. एसटी म्हणजे सॉक चांगचीच आद्याक्षरं.

त्याच वर्षी फेब्रुवारीत फिलिपाइन्सने तांदूळ किती आयात करायचा यावरची मर्यादा कायदा करून उठवली होती. तोवर आयातीच्या नाड्या राष्ट्रीय अन्न प्राधिकरणाच्या हातात होत्या. आता शुल्क भरा आणि हवा तेवढा तांदूळ आणा. आग्नेय आशियातल्या शेजाऱ्यांसाठी शुल्क ३५ टक्के. ग्राहकाला दिलासा मिळाला, यात शंका नाही. आदल्या वर्षी महागाईचा दर साडेसहा टक्क्यांच्या पुढे गेला होता, तो ऑक्टोबर २०१९ मध्ये एक टक्क्याच्याही खाली आला, आणि त्यात स्वस्त तांदळाचा मोठा वाटा होता. पण त्याच ऑक्टोबरात, ऐन सुगीत, काही गावांत पालायचा भाव किलोला १० पेसोंच्या खाली घसरला.

आणि पिकवायचा खर्च?

त्याआधी काही वर्षांपूर्वी आशियातल्या भातउत्पादक भागांची तुलना झाली होती. फिलिपाइन्सचं भाताचं कोठार म्हणजे न्वेवा एसिहा प्रांत. तिथे एक किलो पालाय पिकवायला सुमारे १२ पेसो लागत होते. व्हिएतनामच्या कान थोमध्ये साडेसहा. म्हणजे जवळजवळ निम्मे.

“आमच्याकडे शिकले आणि आता आम्हालाच विकतात.” फिलिपाइन्समध्ये हे वाक्य कुठेही ऐकू येतं. त्यातली खंत खरी आहे. पण त्यावर थांबलं, की नेमकं कुठे हरलो ते दिसत नाही. बियाण्यात फिलिपाइन्स हरलेला नाही. त्याचं हेक्टरी उत्पादन ४ टनांच्या आसपास आहे, आणि ते थायलंडपेक्षा जास्त आहे. तरी थायलंड निर्यात करतो, कारण त्याच्याकडे भाताखाली दुपटीच्या आसपास जमीन आहे आणि खाणारी तोंडं कमी. व्हिएतनामकडे मेकाँगचा गाळ आणि बारमाही पाणी आहे, तिथे वर्षाला दोन, कुठे तीन पिकं निघतात. फिलिपाइन्स हा सात हजारांवर बेटांचा देश. एवढी मोठी नदी नाही, असा सपाट त्रिभुज प्रदेश नाही, आणि वर्षाला वीसेक वादळं त्याच्या हद्दीत येतात. भूगोलाने दिलेला हा भार कुठल्याही मंत्र्याला उतरवता येणार नाही.

पण साडेसहा आणि बारा यांमधलं सगळं अंतर भूगोलाचं नाही. त्यातलं बरंचसं मजुरीत आहे. कान थोचा शेतकरी बी सरळ चिखलात पेरतो आणि यंत्राने कापतो. न्वेवा एसिहात तेव्हा लावणी हाताने होत होती, कापणी हाताने, मळणी वेगळी, आणि प्रत्येक टप्प्यावर वेगळी मजुरी.

(न्वेवा एसिहा. महामार्ग. एका बाजूला गाड्या, दुसऱ्या बाजूला अर्धा रस्ता व्यापलेलं पिवळंधमक वाळवण.)

आणि मग हे.

सुगीत या प्रांतातून गाडीने गेलात, तर रस्त्याची एक बाजू अशी दिसते. डांबर तापतं, म्हणून त्यावर जाळी अंथरून पालाय पसरायचं. वाळवण कुणी तुडवू नये म्हणून कडेने दगड मांडायचे. घरातलं कुणीतरी लाकडी दंताळ्याने दिवसभर ते वर-खाली करत राहणार. ट्रक जवळून गेला की दाणे उडतात, काही चाकाखाली चिरडतात. चिरडलेला दाणा गिरणीत कणी होतो. आभाळ भरून आलं की घरातले सगळे धावत येऊन पोत्यात भरतात, आणि भिजलंच तर दोन दिवसांत त्याला कुबट वास येतो.

हे सगळं कशासाठी? ताज्या कापलेल्या दाण्यातला ओलावा १४ टक्क्यांवर आणण्यासाठी. तेवढा वाळला तरच दाणा टिकतो आणि भाव मिळतो. वाळवणी यंत्रं आहेत, पण पुरेशी नाहीत. मग व्यापारी येतो, मुठीत दाणे घेतो, एक दाताखाली फोडून पाहतो आणि ओलं म्हणून भाव पाडतो. शेतकऱ्याला थांबता येत नाही, कारण खताचे पैसे बऱ्याचदा याच व्यापाऱ्याचे असतात. दारावरच्या कर्जाला तिथे ‘फाइव्ह-सिक्स’ म्हणतात. पाच घ्या, सहा परत करा.

लोस बान्योसच्या शीतगृहातल्या पाकिटात हा चौदा टक्क्यांचा प्रश्न सुटत नाही. तो सुटतो गावच्या वाळवणी यंत्रात, बँकेच्या कर्जात, कालव्यात, गोदामात. नेमकं तिथेच फिलिपाइन्सचा हात आखडला.

१९७३ मध्ये मसागाना-९९ नावाची मोठी योजना निघाली होती. विनातारण कर्ज, बी, खत. हेक्टरी ९९ पोती हे लक्ष्य. उत्पादन वाढलं, देशाने थोडा तांदूळ निर्यातही केला. पण कर्जं फिटली नाहीत आणि कितीतरी ग्रामीण बँका अडचणीत आल्या. मग १९८३ मध्ये देशच परकीय कर्जाच्या खाईत सापडला. सिंचनावरचा खर्च घटला तो याच दशकात.

त्याच दशकात व्हिएतनाम उलट्या दिशेने निघाला. सामुदायिक शेती अपयशी ठरली होती, देश अर्धपोटी होता. १९८६ मध्ये दोई मोई, म्हणजे नव्याने मांडणीचं धोरण आलं. १९८८ मध्ये शेतकऱ्याच्या घराला जमीन कसायला मिळाली, आणि पिकवलेलं विकायची मुभाही. दुसऱ्याच वर्षी, १९८९ मध्ये, या देशाने जवळजवळ १४ लाख टन तांदूळ निर्यात केला. ज्यांच्या घरात भात पुरत नव्हता, त्यांनी एका वर्षात केलेलं हे काम. पुढे कमी बी, कमी खत, कमी फवारणी ही मोहीमही त्यांनी गावोगाव नेली, तीही लोस बान्योसच्या शास्त्रज्ञांना सोबत घेऊन. त्यांचंही सगळं आलबेल नाही. मेकाँगच्या मुखाशी समुद्राचं खारं पाणी दर उन्हाळ्यात आत शिरतंय, आणि २०१६ आणि २०२० मध्ये त्याने मोठं नुकसान केलं.

(मनिला, २००८. तांदळासाठी रांगा.)

बाहेरच्या तांदळावर जगण्याची किंमत कळायला वेळ लागत नाही. २००८ मध्ये भारताने आणि व्हिएतनामने निर्यात आवळली आणि जगात तांदळाचे भाव काही महिन्यांत दुपटीच्या पुढे गेले. मनिलात सरकारी तांदळाच्या विक्रीवर हत्यारबंद पहारा ठेवावा लागला. जुलै २०२३ मध्ये भारताने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली, आणि सप्टेंबरात फिलिपाइन्सला किरकोळ भावावर, तांदळाच्या प्रतीप्रमाणे, किलोला ४१ आणि ४५ पेसोंची मर्यादा घालावी लागली. दिल्लीतला एक आदेश, आणि मनिलातल्या दुकानदाराने पाटी बदलायची.

मग ग्राहकासाठी २०२४ च्या जुलैत शुल्क ३५ वरून १५ टक्क्यांवर आलं. आयात विक्रमी झाली. २०२५ मध्ये पालायचा भाव पुन्हा कोसळला, आणि १ सप्टेंबरपासून सरकारला आयातच थांबवावी लागली. शहरातल्या गरिबाला स्वस्त कानिन हवा, आणि त्याचं म्हणणं बरोबर आहे. गावातल्याला पालायचा भाव हवा, त्याचंही बरोबर आहे. कितीदा तर हे दोघे एकाच घरातले असतात. बाप गावी शेतात, मुलगी मनिलात भाड्याच्या खोलीत.

(न्वेवा एसिहा. पहाट. शेतात उतरणारं कापणी यंत्र.)

आयात खुली करणाऱ्या २०१९ च्या कायद्याबरोबर एक निधी आला. आयातशुल्काच्या पैशातून वर्षाला १० अब्ज पेसो, बियाण्यासाठी आणि यंत्रांसाठी. २०२४ च्या अखेरीस तो ३० अब्जांवर नेला, मुदत २०३१ पर्यंत. न्वेवा एसिहा ज्या भागात येतो, त्या मध्य लुझोनमध्ये आता कापणी-मळणी यंत्रं सर्रास दिसतात. खर्च खरोखर कमी होतो. पण हाताने कापणाऱ्या भूमिहीन मजुराला पूर्वी मजुरी म्हणून पिकाचाच वाटा मिळायचा, वर्षभराचा कानिन त्यातून निघायचा. यंत्राच्या मागे चालताना आता त्याच्या वाट्याला पोती उचलायचं काम उरलंय.

यंत्र दिवसभराची कापणी तासाभरात उरकतं. सगळ्या गावाचं पालाय एकाच आठवड्यात, ओलंच, पोत्यांत भरून बांधावर येतं. वाळवणी यंत्रापुढे रांग असते. बाकीची पोती ट्रॅक्टरवर चढतात आणि महामार्गाकडे निघतात, ऊन चढायच्या आत जागा धरायला.