मारबत मी म्युनिकमध्ये पाहिली

नमस्कार मंडळी. म्युनिकच्या आपल्या मराठी मंडळात विद्यार्थ्यांच्या वतीने बोलायला मला पाचच मिनिटं मिळाली आहेत, त्यामुळे प्रस्तावना नाही.

१९२८ साली इरावती कर्वे पीएचडीसाठी बर्लिनला आल्या, तेव्हा घरचं पत्र बोटीने यायला काही आठवडे लागत. माझी आई आज व्हिडिओ कॉलवर माझी फोडणी बघते आणि वसतिगृहातला धुराचा अलार्म वाजायच्या आत स्वतःच ओरडते. दगडूशेठची आरती थेट दिसते, फक्त उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तासांचा हिशेब ठेवायचा. कोथिंबीर-मिरच्या तुर्की दुकानात मिळतात, गोडा मसाला ऑनलाइन. तेव्हा काका-काकू, ‘पोरं इथे येऊन आपलं सगळं विसरतील’ ही काळजी सोडा. विसरायला फोन देतोय कुठे?

अडचण वेगळीच आहे. फोन ज्याला त्याला त्याच्याच गावचं दाखवतो. आमच्या मजल्यावर आम्ही चौघं मराठी, स्वयंपाकघर एक, आणि प्रत्येकाच्या कानात आपापला जिल्हा. माझ्याकडे तर पुणे एके पुणे.

यंदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेसातला, नागपूरचा मित्र चहा गार करत फोनला चिकटून बसला होता. मी डोकावलो. खच्चून भरलेला रस्ता, त्यातून निघालेला बाईचा अवाढव्य पुतळा आणि लोकांचा एकच गजर, ‘घेऊन जा गे मारबत!’ रोगराई, इडापिडा सगळी तिच्याबरोबर गावाबाहेर काढायची आणि तिला जाळायचं. मागून बडगे, म्हणजे महागाईपासून पुढाऱ्यांपर्यंत ज्याच्यावर राग असेल त्याचे पुतळे. मी विचारलं, हे काय आहे? तो म्हणाला, “मराठीच आहेस ना बे तू?”

पुणे ते नागपूर साधारण ७०० किलोमीटर. ते कापायला मला म्युनिकला यावं लागलं.

मग चौकशी सुरू झाली. सावंतवाडीच्या मैत्रिणीकडे नरकचतुर्दशीला पहाटे तुळशीपाशी कारीट, म्हणजे एक छोटं कडू फळ, फोडतात आणि मग पोहेच पोहे: गुळाचे, दुधाचे, ताकातले, बटाट्याचे. चकली-चिवड्याला त्या सकाळी कोणी विचारत नाही म्हणे. मला हे नवीन होतं, आणि पहिल्यांदाच आपल्या फराळाच्या डब्याबद्दल शंका आली.

आता मंडळाकडे मागणं. गणपती आमच्या परीक्षांच्या धांदलीत येतात, तेव्हा आम्ही खुर्च्या लावून पळतो, हे खरं. दिवाळीला मात्र हिवाळी सत्र नुकतंच सुरू झालेलं असतं, आम्ही मोकळे असतो. फराळाचं एक टेबल आमच्याकडे द्या. सावंतवाडीचे पोहे होतील, नागपूरचा वडाभात होईल, पुण्याची चकलीही राहील, घाबरू नका. हॉलचं स्वयंपाकघर दुपारी दोनपासून उघडं हवं आणि मंडळाची दोन मोठी पातेली हवीत. कारीट मात्र इथे कुठे सापडलेलं नाही. कोणाच्या परसात असेल, तर जेवणाच्या रांगेत मला गाठा.