च लिहायचा, स वाचायचा

(दृश्य: ढोला-सदिया पूल, सकाळचं धुकं, ड्रोन)

आसामच्या पूर्व टोकाला लोहित नदीवरचा हा पूल. लांबी 9.15 किलोमीटर. गाडी पुलावर चढली की खाली पाणी, मग वाळूचा पट्टा, पुन्हा पाणी, पुन्हा वाळू. नदी संपायचं नाव घेत नाही. 26 मे 2017 ला पूल खुला झाला. त्याआधी पैलतीरी जायचं म्हणजे फेरीबोटीची वाट बघत बसायचं. पुलाला भूपेन हजारिकांचं नाव दिलंय. 1926 साली ते इथेच, सदियात जन्मले, आणि 2011 मध्ये त्यांनी अखेरचा श्वास घेतला तो आपल्या मुंबईत.

सदिया ही एकेकाळी एका राज्याची राजधानी होती. ते राज्य ज्यांचं, त्या लोकांचं नाव आसामबाहेर कुणी मोठ्यानं वाचलं की ऐकणारा आधी दचकतो, मग हसतो.

(दृश्य: चापाखोवा, बाजार. दुकानांच्या पाट्या. चहाची टपरी.)

पलीकडचं हे गाव. पाटीवर लिहिलंय चापाखोवा. आता कुणालाही विचारा, तो म्हणेल सापाखोवा. टपरीवर लिहिताना ‘चाह’, मागताना ‘साह’. त्यात घालायची ती ‘चेनी’, म्हणजे साखर; बोलताना ‘सेनी’. ढवळायला चामुच, म्हणजे सामुस. टपरीवाल्याच्या हाताकडे बघा. पातेल्यातला कोरा चहा तो हातभर उंचीवरून ग्लासात सोडतो, तरी थेंब सांडत नाही. दूध नाही, नुसता लालसर चहा. लाल साह.

असमियात च आणि छ लिहिले जातात, पण उच्चार होतो स. आणि जिथे स, श, ष लिहिलेले असतात, तिथे बहुतेक वेळा घशातून एक खरखरीत आवाज निघतो, आपल्या ख आणि ह यांच्या मधला. म्हणून सदियाला इथे कुणी सदिया म्हणत नाही. आपल्या कानाला ते ‘हॉदिया’सारखं ऐकू येतं. खुद्द आसामचं ‘ऑहोम’ होतं.

मराठी माणसाला यात नवल वाटायला नको. आपणही एकच च दोन तऱ्हांनी म्हणतो. ‘चार’ म्हणताना जीभ एकीकडे लागते, ‘चारा’ म्हणताना दुसरीकडे. चहातला च वेगळा, चुलीतला वेगळा. लिहून दाखवायची सोय नाही, तरी आपला गोंधळ होत नाही. परभाषकाचा होतो, आणि आपण त्याला हसतो.

तर या समाजाचं नाव असमिया लिपीत च ने सुरू होतं. ते उच्चारतात सुतिया. इंग्रजांच्या दप्तरात अक्षराला अक्षर लावून ते चुतिया झालं. 1895 मध्ये डब्ल्यू. बी. ब्राउन यांनी देवरी बोलीचं छोटंसं व्याकरण छापलं, त्याच्या नावातही हेच स्पेलिंग. इंग्रजी कागदावरून ते हिंदी जिभेवर गेलं आणि तिथे एक शिवी आधीपासूनच दबा धरून बसलेली. शिवीचा आणि या नावाचा काडीचा संबंध नाही. समाजातली जाणती माणसं देवरी भाषेतून त्याची फोड करतात: चु म्हणजे शुद्ध, ति म्हणजे पाणी. स्वच्छ पाण्याकाठी राहणारे ते हे.

(दृश्य: ताम्रपटाचं छायाचित्र, अक्षरांवरून सरकणारा कॅमेरा)

अक्षरं बघा. या राजांचे ताम्रपट चौदाव्या शतकाच्या अखेरीपासूनचे मिळाले आहेत. सत्यनारायण, लक्ष्मीनारायण अशी राजांची नावं, ब्राह्मणांना दिलेल्या जमिनी. 1442 चा एक शिलालेख देवीच्या मंदिराचा आहे. देवी केसाई खाती. तिचं मंदिर ताम्रेश्वरी, कारण छप्पर तांब्याचं होतं असं सांगतात. तिचे पुजारी देवरी. त्यांच्यातल्या एका शाखेनं ती भाषा अजून बोलती ठेवली आहे.

1523-24 मध्ये आहोम राजा सुहुंगमुंगनं हे राज्य जिंकलं आणि सदियावर आपला अधिकारी नेमला, सदियाखोवा गोहाईं. शेवटची राणी साधनी. लोककथा सांगते की नवरा लढाईत पडल्यावरही ती शरण गेली नाही. चंद्रगिरीच्या कड्यावरून तिनं खाली उडी घेतली.

(दृश्य: साधनी दिवस. प्रतिमेला हार, रेशमी मेखला-चादर नेसलेल्या बायका, ढोल. निवेदन थांबवून ढोल वाजू द्यावेत.)

दरवर्षी 21 एप्रिल. रंगाली बिहूचे दिवस, म्हणून ढोल आधीच गळ्यात आहेत. या मिरवणुकीतल्या फलकावर समाजाचं नाव हातभर मोठ्या अक्षरात लिहिलंय. इथे कुणी हसत नाही.

जुनं सदिया आज बघायला मिळत नाही. 15 ऑगस्ट 1950 च्या भूकंपानं, 8.6 रिश्टरच्या, डोंगर खचले, नद्यांनी पात्रं बदलली आणि शहर पाण्यात गेलं. राज्य गेलं, राजधानी गेली. उरलं ते नाव.

(दृश्य: संगणकाचा पडदा, अर्जाचा नमुना, लाल अक्षरांतली सूचना)

आता हे. 2012 मध्ये फेसबुकनं या आडनावाची खाती खोटी समजून बंद केली. विद्यार्थी संघटना रस्त्यावर उतरली. 2020 मध्ये एका सरकारी कंपनीच्या नोकरीसाठी अर्ज भरणाऱ्या तरुणीला संकेतस्थळानं योग्य नाव लिहायला सांगितलं. पुढे ते दुरुस्त झालं.

इंग्लंडात स्कन्थॉर्प नावाचं गाव आहे. 1996 मध्ये तिथल्या रहिवाशांना एओएल या इंटरनेट सेवेवर खातं उघडता येईना, कारण गावाच्या नावाच्या पोटात चार अक्षरी इंग्रजी शिवी लपलेली. तेव्हापासून संगणकवाले या दुखण्याला स्कन्थॉर्पचंच नाव देतात. म्हणजे दुखणं जुनं आहे, औषधही माहीत आहे. गाळणीला शब्दाच्या आजूबाजूचं वाचायला शिकवायचं.

(दृश्य: पुणे-नाशिक रस्ता, भोसरीची पाटी, कारखान्यातून सुटणारी पाळी)

हे आपल्या दारातलं. भोसरी. उत्तरेकडून कामाला आलेला पोरगा पहिल्या दिवशी ही पाटी वाचून फोटो काढतो आणि घरी पाठवतो. वर्षभरानं तोच रिक्षावाल्याला ‘भोसरी एमआयडीसी’ असं सांगतो, चेहऱ्यावरची रेघही न हलवता. जुनं भोजापूर ते भोसरी अशी नावाची वाट सांगितली जाते. भोसरीकरांनी ते का सोडावं?

पण एक शब्द आपण सोडलाही आहे. ‘बाई’. जिजाबाई, अहिल्याबाई, सावित्रीबाई. शाळेत शिकवणाऱ्या त्या बाई. मुंबईत ‘बाई’ म्हणजे धुणीभांडी करणारी असा अर्थ वरचढ झाला आणि वर्गातल्या बाईंच्या टीचर झाल्या, मॅडम झाल्या. कुणी ठराव केला नाही, कुणी मोर्चा काढला नाही. दुसऱ्याच्या कानाला काय वाटेल म्हणून आपणच जीभ आवरली.

साध्या शब्दाचं मी समजू शकतो. ऐकणाऱ्याला टोचत असेल आणि दुसरा शब्द हाताशी असेल, तर वापरावा, त्यात काही जात नाही. माणसाच्या नावाला मात्र हाताशी दुसरं काही नसतं. ज्याला हसू येतं त्यानं दोन मिनिटं ऐकून घ्यावं, की ज्याचं नाव आहे त्यानं दाखल्यांपासून सातबाऱ्यापर्यंत सगळं बदलत बसावं? कष्ट कुणाचे कमी, हिशेब सोपा आहे.

(दृश्य: सापाखोवाच्या शाळेचा फळा. शिक्षक मुलाचं आडनाव लिहितात.)

समाजातलेही सगळे एका मताचे नाहीत. काही जण इंग्रजीत एस लावून सुतिया असं लिहितात. बऱ्याच घरांत बोरा, शइकिया, हजारिका ही आडनावं आहेत. आहोम काळात वीस, शंभर, हजार माणसांवरच्या नायकांना मिळालेल्या या पदव्या; त्या इतर समाजांतही चालतात. काही जण मात्र जुनं स्पेलिंग सोडायला तयार नाहीत. जन्मदाखला, जमिनीचे कागद, ओबीसीचं प्रमाणपत्र सगळं त्याच नावावर, आणि अनुसूचित जमातीच्या दर्जासाठी मागणी करणाऱ्या सहा समाजांच्या यादीतही तेच.

या निवेदनात आम्ही शेवटपर्यंत सुतिया असंच म्हणणार आहोत, कारण ते स्वतः तसंच म्हणतात. दप्तरातलं रूप एकदा उच्चारलं, ते कुठून आलं हे सांगण्यापुरतं. श्रेयनामावलीत मात्र प्रत्येकाचं नाव त्यानं लिहून दिलं तसंच छापलंय, च तर च. वाचताना स म्हणा.