जुन्या संडासाच्या खड्ड्यात बाटली दिसली तर ओढू नका!

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली निम्म्या कमेंट्स एकाच प्रश्नाच्या आहेत, "ताई, वास येत नाही का?" नाही येत. शंभर-सव्वाशे वर्षांत त्या सगळ्याची माती झालेली असते. काळी, भुसभुशीत, मुरलेल्या शेणखतासारखी. माझी सांगलीची आजी मात्र अजून दर फोनवर विचारते, "आंघोळ करूनच घरात येतेस ना गं?" येते, आजी.

ज्यांनी पहिल्यांदाच चॅनल उघडलंय त्यांच्यासाठी पटकन. मी अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळ राहते आणि जुन्या संडासांच्या खड्ड्यांतून बाटल्या खणून काढते. इथल्या जुन्या घरांच्या मागे परसात संडास असायचे, खाली विटांनी बांधलेला गोल आड. कचरागाडी वगैरे येत नव्हती, त्यामुळे फुटक्या बशा, हाडं, औषधाच्या बाटल्या, सगळं त्यातच. पुढे गटारं आली, आड राख-मातीनं बुजवले गेले. ते शोधायला आगीच्या विम्यासाठी काढलेले सॅनबॉर्न कंपनीचे जुने नकाशे बघायचे. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर फुकट आहेत. मग मूठ लावलेली लांब लोखंडी सळई परसात, विशेषतः कुंपणालगत, टोचत जायचं. राख, विटेचे तुकडे, काच लागली की हाताला करकर कळते. मालकाची लेखी परवानगी घ्यायची. खणण्याआधी 811 ला फोन करायचा, म्हणजे गॅसच्या आणि विजेच्या लायनी आखून देतात. सरकारी जमिनीला हात लावायचा नाही. एकट्यानं उतरायचं नाही. घनमीटरभर मातीचं वजन दीड टनाच्या पुढे जातं, आणि कडा ढासळताना ती सांगून ढासळत नाही. झालं.

आता ज्यासाठी कॅमेरा लावलाय ते. बाटलीची मान दिसली की ओढू नका. ओढू नका!

(टेबलावरून निळी मान उचलते)

ही बघा. माझ्या पहिल्याच मोसमात, पाच तास खणल्यावर, संध्याकाळी काळ्या मातीतून हा गडद निळा रंग चमकला. मी धरली आणि ओढली. शेंगेचं देठ निघावं तशी मान हातात आली. इथे कड बघा, किती चकाकतेय. ही ताजी तूट. जुनी तूट मळकट असते, तिच्यावर मातीचा थर बसलेला असतो. म्हणजे इतकी वर्षं ती मातीत शाबूत होती आणि मी दोन सेकंदांत मोडली. सोबतचा मित्र वरून वाकून म्हणाला, "काय मिळालं?" मी म्हटलं, "काही नाही."

का मोडते? मान बारीक, खांदे रुंद, आणि खांद्यांवर दाबून बसलेली ओली माती. तुम्ही वरून ओढता, खालून माती सोडत नाही. मधे बिचारी काच. तिला आधीच एखादी चीर असली तर विचारूच नका. आणि फुटताना तळहात कापतो, तोही कुठे, तर संडासाच्या खड्ड्यात.

त्यावर एका दादांची कमेंट, "ताई, मग हलवून हलवून काढली तर?" दादा, तो दुधाचा दात आहे का? हलवलं की मानेच्या मुळाशीच जोर येतो. मी घरचं लाकडी उलथनं वापरते. बाजूनं आणि खालून माती काढत जायची, बाटली आपणहून हातात आडवी पडेपर्यंत. एका बाटलीला अर्धा तास गेला तर जाऊ द्या. वर आणल्यावर उन्हात ठेवायची नाही, गरम पाणीही ओतायचं नाही. तडकते.

आणखी एक गोष्ट. तुम्ही फोटो पाठवून विचारता ना, "किती जुनी?" ते बरंचसं मानेवरच लिहिलेलं असतं. काचेला साच्याची उभी शिवण असते. ती मानेवर ओठांच्या खालीच थांबली, तर ओठ साधारणपणे हातानं घडवलेला. थेट ओठावरून गेली, तर बहुधा मशीनची. मायकेल ओवेन्सचं आपोआप बाटल्या करणारं यंत्र 1903 च्या सुमाराचं, म्हणजे बाटली बहुधा त्यानंतरची. तळाला पॉन्टिलचा, म्हणजे ओठ घडवताना बाटली तळाशी धरून ठेवणाऱ्या सळईचा, खरबरीत व्रण असेल तर बहुतेक वेळा 1860 च्या दशकाच्याही आधीची. मान ओढून तोडली तर अर्धं वय हातात, अर्धं खड्ड्यात!

"आपल्याकडे वाड्यांच्या मागे का नाही खणत?" हाही प्रश्न बऱ्याच जणांचा. एक तर आपण बाटली टाकतच नव्हतो. तिच्यात रॉकेल, मग फिनेल, मग बाटलीवाल्याला. दुसरं, वाड्यांमधले संडास बरेचसे टोपलीचे. ते रोज माणूस येऊन हातानं उपसायचा, आणि तो कुठल्या जातीचा असायचा ते आपल्याला माहीत आहे. त्यावर बंदीचा कायदा 1993 मध्ये आला. तिथे काही साठलं नाही, कारण ते कुणाच्या तरी डोक्यावरून रोज बाहेर जात होतं. इथल्या खड्ड्यात बसून मला हे दर वेळी आठवतं. आणि तरीही कुठे खणणार असाल, तर 1878 चा निखात निधी कायदा आहे, जमिनीत दडलेलं दहा रुपयांवरचं सापडलं तर कलेक्टरला कळवायचं.

पण आपल्याकडे एक बाटली होतीच की. गोटी सोडा! हिरम कॉडनं ती 1870 च्या दशकात इंग्लंडमध्ये पेटंट केली. जुन्या शाबूत कमी मिळतात, कारण पोरं गोटीसाठी मान फोडायची. मीसुद्धा फोडलीय, सांगलीत, गाडीवाल्याचं लक्ष नसताना. ती गोटी आजीच्या सुपारीच्या डब्यात अजून आहे.